नागा नवरी आणि हरकरे सरांची मिशी

परवा गोंदियाहून एका मुलाचा फोन आला. आवाज इतका गोड की मला वाटलं विमा विकतो. "मॅडम, यंदाच्या नागा महोत्सवात आपला सत्कार ठेवलाय. पहिल्या नागा वधू म्हणून." मी म्हटलं, बाळा, मी सगुणा मडावी. जन्मभर सरकारी दवाखान्यांत सिस्टर होते, आता रिटायर आहे, गुडघे धरले आहेत, तू कोणाला फोन लावून राहिला? तो म्हणाला, कॉलेजच्या कपाटात जुने फोटो सापडले, पाठवतो. लगेच मोबाइल वाजला आणि माझ्या हातात मीच आले. डोक्यावर कोंबड्याची पिसं, अंगावर बँडवाल्याच्या दुकानातली लाल कांबळ, गळ्यात दुधी भोपळ्याच्या बियांची माळ, गालावर हळद. फोटो काढणाऱ्याला चावायला निघाल्यासारखी मी बघते आहे. शेजारी एक उंच पोरगा आहे, त्याची मान खाली. मागे माइकजवळ आमचे कॉलेजचे हरकरे सर उभे आहेत आणि त्यांची मिशी तेवढी अगदी स्पष्ट आली आहे.

त्या मुलाला मी काय सांगितलं ते पुढे येईलच. पण फोटो बघून मला जो राग आला तो इतक्या वर्षांनी जरा तरी शिळा झाला असेल असं वाटलं होतं. कशाचा शिळा! भाकरी शिळी होते, राग नाही.

गोंदियात दर थंडीत नागा महोत्सव भरतो. का भरतो, तर भैयाजींना आवडला म्हणून. भैयाजी म्हणजे राइस मिलवाले. कॉलेज त्यांचं, होस्टेल त्यांचं, होस्टेलात शिजणारा तुकडा तांदूळही त्यांच्याच मिलमधला. ते कधीकाळी लाकडाच्या ठेक्यासाठी नागालँडात जाऊन आले. ठेका काही मिळाला नाही, पण एक शाल आणि एक भाला घेऊन आले, तो बैठकीत सोफ्याच्या वर टांगला, आणि तेव्हापासून त्यांना त्या संस्कृतीचं प्रेम जडलं. सुरुवातीची एक-दोन वर्षं खरे नाचणारे तिकडून आणले होते म्हणतात. पण भैयाजींच्या घरी कांदासुद्धा वर्ज्य. त्या बिचाऱ्यांना मांस नाही, मासा नाही, डुकराचं तर नावही काढायचं नाही. त्यांनी नाच केला, वरण-भात आणि बटाटे खाल्ले, हात जोडले आणि गेले ते पुन्हा आले नाहीत. त्यांचं काहीच चुकलं नाही. मग भैयाजी हरकरे सरांना म्हणाले, "अरे भई, अपने होस्टल में भी तो आदिवासी भरे पड़े हैं। इन्हीं को नागा बना दो।" हे सर आम्हाला स्वतः कौतुकाने सांगत, जणू काय मोठी शाबासकी.

त्या होस्टेलात मी आले ती केशोरीच्या पलीकडच्या आमच्या गावातून. गाव कसलं, पंचवीस-तीस घरं, एक मामा तलाव, म्हणजे जुन्या मालगुजाराने बांधलेला, आणि तलावाखाली धानाची बांधी. माझा बाप लहानू मडावी, स्वतःची थोडी आणि दुसऱ्याची अर्धेलीने अशी धानाची शेती करायचा. पण गावात त्याची ओळख मांदरीवाला म्हणून होती. मांदरी म्हणजे आमचा ढोल, गळ्यात अडकवून दोन्ही हातांनी वाजवायचा. धान कापून खळ्यावर आलं की बाप कातडं शेकायला बसायचा, मधून मधून थाप मारून बघायचा, आणि तो आवाज तलावावरून परत यायचा. घरात माय मुसळाने पोहे कांडत असायची. एका बाजूने मुसळ, एका बाजूने मांदरी, आणि मध्ये मी पुस्तक घेऊन बसलेली. मला त्या गोंगाटातच अभ्यास यायचा. होस्टेलात पहिल्या महिन्यात मला शांततेमुळे झोप येत नसे. सकाळी पेज, दुपारी भात आणि अंबाडीची भाजी, तलाव आटायला लागला की बोटाएवढ्या मासोळ्या. माय त्या तव्यावर मीठ-मिरची लावून अशा भाजायची की शेजारची मांजरं आमच्याच दारात बाळंत व्हायची. आज माझ्या फ्रिजमध्ये चांगला सुरमईचा तुकडा असतो, पण त्याला ती चव नाही.

बापाने मला कॉलेजात पाठवलं ते गावाच्या विरोधात. गावचा देवधर्म बघणारा दसरू भुमक त्याला म्हणाला होता, "लहानू, पोट्टी शिकून का कलेक्टर होनार हाय?" बाप म्हणाला, "नर्स होनार हाय. तुये गुडघे दुखतीन तवा तिच सुई देईन तुले." माझं सगळं त्या एका वाक्यावर उभं होतं. बारावी झाली की नर्सिंगला अर्ज. होस्टेल सुटलं तर बारावी सुटली, बारावी सुटली की पुढच्या उन्हाळ्यात कोणाच्या तरी मांडवात. मला हे पक्कं माहीत होतं आणि दुर्दैवाने ते हरकरे सरांनाही माहीत होतं.

हरकरे सर सांस्कृतिक विभागाचे प्रमुख. मूळचे नागपूरचे, आणि आपण गोंदियात आहोत हा आपल्यावर झालेला अन्याय आहे असं तोंड करून फिरणारे. मिशी मात्र झकास. जाड, काळी, टोकं वर वळवलेली, खिशात त्यासाठी वेगळा छोटा कंगवा. नागा या विषयावर त्यांचा अधिकार मोठा, कारण भैयाजींच्या बैठकीतला भाला त्यांनी जवळून बघितला होता. महोत्सवाच्या आधी महिनाभर आमचे वर्ग बंद आणि तालीम सुरू. मिलमधल्या बांबूंचे भाले झाले. सर म्हणाले, धनेश पक्ष्याची पिसं पाहिजेत. कोणी म्हणालं मिळत नाहीत, तर कोंबडीवाल्याकडून पोतंभर पिसं आणून त्यांना चुना आणि काजळ फासलं. दिवसभर आमच्या केसांना खुराड्याचा वास. आणि नाच कसला, तर गोल फिरायचं, भाला वर करायचा आणि "हो हो" ओरडायचं. एकदा मी विचारलं, "सर, माझे बाबा मांदरी वाजवतात, आमच्या गावचं पथक बोलवू का?" सर म्हणाले, "ते काय गं, दिवाळीला गल्लोगल्ली दिसतं. महोत्सवाला काहीतरी अस्सल पाहिजे."

त्या वर्षी नागपूरहून कोणी मोठे पाहुणे येणार होते, म्हणून सरांनी नवीन कार्यक्रम काढला, नागा विवाह. आता नागा लोकांचं लग्न कसं लागतं हे गोंदियात कोणाला माहीत? सरांना तर बिलकुल नाही. मग त्यांनी आम्हा मुलींना ओळीने बसवून विचारलं, "तुमच्यात कसं लागतं गं?" पोरी लाजत लाजत सांगू लागल्या. हळद लावतात. मांडवात मोहाची डांग, म्हणजे जाड फांदी, रोवतात. नवरा नवरीची करंगळी धरून तिला त्या डांगेभोवती फिरवतो. मग मोठं माणूस दोघांच्या डोक्यावर पाणी सोडतं, की झालं. सरांनी मांडीवर थाप मारली. "वा! हेच घेऊ."

"पण सर, हे तर आमचं हाय," एक पोरगी म्हणाली.

"आदिवासी ते आदिवासी. तिकडे काय निराळं असणार?"

आणि मग त्यांनी नवरा-नवरी निवडले, शाळेच्या रांगेत उभे करतात तसे, उंचीवरून. मी उंच. कामठ्याकडचा बिरजू मरस्कोल्हे उंच. सर खूश. आम्ही दोघं मात्र एकमेकांकडे बघायला लागलो.

कारण सांगते. आमच्यात प्रत्येक घराण्याला देव मोजून दिलेले असतात. कोणी चार देवांचे, कोणी पाच, कोणी सहा, कोणी सात. ज्यांचे देव सारखे ते भाऊबंद, मग आडनाव काही का असेना आणि गाव किती का लांब असेना. मडावी सात देवे. मरस्कोल्हेही सात देवे. म्हणजे बिरजू माझा भाऊ. होस्टेलात आल्याच्या पहिल्याच आठवड्यात आम्ही एकमेकांना देव विचारून घेतले होते आणि तेव्हापासून तो मला "बाई" म्हणायचा, मी घरून आणलेल्या चिवड्यातला वाटा त्याला द्यायची. आणि आता ह्या माणसाला आमची हळद लावायची होती.

मी उभी राहिले. "सर, बिरजू माझा भाऊ लागतो."

"मावसभाऊ?"

"नाही सर. आमचे देव सारखे आहेत."

"आडनाव तर वेगळं आहे. तू मडावी, तो मरस्कोल्हे."

"आडनावाचं नाही जी ते," बिरजू म्हणाला. बिचारा घामाघूम झाला होता. "हळद लागली, डांगीभवती फिरलो, पानी पडलं, का झालं. मंग ते नाटक नाही राहत."

सर हसले. मिशीच्या टोकाला बोट लावून म्हणाले, "हे बघा, त्या दिवशी तुम्ही मडावी नाही आणि मरस्कोल्हे नाही. तुम्ही नागा. आणि नागांना तुमचे देव लागू होत नाहीत. कळलं?" मग माझ्याकडे बघून, अगदी प्रेमाने, "होस्टेलात राहायचंय ना तुला?"

पुढे नागपूरला नर्सिंग करताना माझ्या खोलीत खरोखरच नागालँडची एक मुलगी होती. तिला मी हे सगळं सांगितलं. ती पोट धरधरून हसली आणि मग म्हणाली, आमच्या गावात लग्न चर्चमध्ये लागतं, माझ्या बहिणीने पांढरा गाऊन घातला होता. तिने मला तिच्या गावाचं, तिथल्या सणांचं, शालींवरच्या रेघांचं इतकं काही सांगितलं की मला त्या पोतंभर पिसांची नव्याने लाज वाटली. एका खऱ्या माणसाला कोणी एक पोस्टकार्ड टाकून विचारलं असतं तरी भागलं असतं. पण विचारतो कोण? विचारायला आधी आपल्याला येत नाही असं वाटावं लागतं.

तर बिरजूने आणि मी एक शक्कल काढली. हळदीऐवजी रांगोळीचा पिवळा रंग घ्यायचा आणि मोहाऐवजी सागाची फांदी. बघणाऱ्यांना काय कळतंय? आणि आमचे देव काही आंधळे नाहीत, त्यांना फरक बरोबर कळेल. तालमीत असंच चाललं. रंगाने गालाला खाज सुटायची, पण जीव शांत होता.

महोत्सवाच्या दिवशी दुपारीच कार्यक्रम ठेवला होता, कारण पाहुण्यांना परत नागपूर गाठायचं होतं. पुढे सोफे, त्यांच्यापुढे बिसलेरीच्या बाटल्या, मागे बांबूचा अडसर आणि अडसरामागे आदिवासी. प्रेक्षक म्हणून आदिवासी लागतातच, नाहीतर फोटोत मैदान रिकामं दिसतं. त्यासाठी मिलचे ट्रक गावागावांत पाठवले होते, आणि एक ट्रक केशोरीकडेही गेला होता. माझा बाप, माय, दसरू भुमक, अर्धं गाव त्या ट्रकमध्ये बसून आलं, कारण त्यांना सांगितलं होतं की तुमची पोरगी स्टेजवर आहे. आणि त्याच ट्रकमध्ये एक मोहाची डांग होती. सरांनी ड्रायव्हरला सांगून मुद्दाम जंगलातून तोडून आणलेली. पाहुणे येणार, अस्सल पाहिजे! बाप त्या डांगेला टेकून गोंदियापर्यंत आला. वाटेत लोक एकमेकांना विचारत होते, कोणाचं लगन हाय बापा, एवढी चांगली डांग?

स्टेजवर चढले तेव्हा सागाची फांदी गायब आणि मोहाची डांग उभी. रंगाची वाटी गायब, आणि मेसमधल्या बाईने वाटलेली ताजी हळद पितळी ताटात. मी सरांकडे बघितलं. ते माइकवर होते. "आता आपण पाहणार आहोत, दुर्गम नागा टेकड्यांमधील एक प्राचीन विवाहविधी..." पोरींनी माझ्या गालाला हळद लावली. त्याही रडवेल्या झाल्या होत्या, पण लावली. बिरजूने माझी करंगळी धरली. त्याने मान वर केलीच नाही. आम्ही फिरायला लागलो आणि मला अडसराच्या मागे आमचे लोक दिसले. आधी ते कौतुकाने माना उंचावून बघत होते. मग मायचा हात तोंडावर गेला. दसरू भुमक उभा राहिला. पाणी सोडायचं होतं ते खरं तर एका मुलाने, पण पाहुण्यांसमोर आपण दिसावं म्हणून हरकरे सर स्वतः तांब्या घेऊन आले आणि एका हातात माइक धरून दुसऱ्या हाताने आमच्या डोक्यावर पाणी ओतलं.

तेवढ्यात बापाचा आवाज आला. माइक नव्हता त्याच्याजवळ, पण मांदरीवर ओरडून गाणारा माणूस, आवाज काय सांगू! "थांबवा! अगा थांबवा! भाऊ-बहीन होत ते!" बांबू मोडून तो सोफ्यांच्या मधून धावत आला. पाहुणे दचकले. भैयाजी अर्धे उठले. आणि हरकरे सरांनी काय केलं असेल? त्यांनी माइक तोंडाशी नेला. "रसिकहो, घाबरू नका! शेवटच्या फेऱ्याला वधूचा पिता असा लटका विरोध करतो. हीसुद्धा नागा समाजाची एक सुंदर प्रथा आहे."

टाळ्या पडल्या. सोफ्यांवरून, कडकडून. एक बाई म्हणाल्या, "किती नॅचरल करतो हो हा!"

माझा बाप स्टेजच्या पायरीवर उभा होता आणि समोर लोक त्याला टाळ्या देत होते. त्याला आयुष्यात कधी कोणी टाळ्या दिल्या नव्हत्या. आपण काय बोललो आणि ह्यांनी काय ऐकलं हे त्याला कळेना. तो त्यांच्याकडे बघत राहिला, तोंड उघडं. ते तोंड मी विसरलेली नाही आणि त्या सोफ्यांना मी माफ केलेलं नाही, आजही नाही. मग त्याने खांद्यावरचा दुपट्टा माझ्या अंगावर टाकला आणि मला खाली घेऊन आला. पिसांना मात्र त्याने हात लावला नाही.

आता माझ्या लोकांकडे वळते, कारण शहाणपण काही एकट्या गोंदियातच कमी पडलं होतं असं नाही. दोन दिवसांनी तलावाच्या पाळीवर पंच बसले. बिरजूकडचे लोकही आले. ज्या पंचांना गावच्या विहिरीची तुटलेला रहाट बसवायला तीन वर्षं वेळ मिळाला नव्हता, ते हळद घरी वाटली की मिलमध्ये दळली ह्यावर सकाळपासून वाद घालत होते. कोणी म्हणे पाणी परक्याने सोडलं, ते चालत नाही. कोणी म्हणे तुमच्या धाकट्याच्या लग्नात तर तलाठ्यानं सोडलं होतं, ते कसं चाललं? मग भांडण तिकडे वळलं. शेवटी फिरून फिरून गाडी तिथेच आली. डांग मोहाची होती, हळद खरी होती, पाणी पडलं. लग्न लागलं, आणि तेही भावा-बहिणीचं. दोन्ही घरं जातीबाहेर. आणि पोरीचं काय, तर शुद्ध करून जो घेईल त्याला लवकर देऊन टाका. केशोरीकडे एक बिजवर आहे, तो नाही म्हणणार नाही.

बाप खाली बघत होता. मला वाटलं, संपलं. नर्सिंग संपलं, बारावी संपली, आता ह्या बिजवराची पेज रांधायची. आणि मला इतका संताप आला की मी उठले. आमच्यात पंचांसमोर पोरी बोलत नाहीत. मी बोलले.

"माह्यं लगन नाही लागलं."

"मंग कोनाचं लागलं वं?" दसरू म्हणाला.

"नागा पोरीचं. सरायनं माइकवर सांगतलं, सबन लोकायनं ऐकलं. मडावीची पोट्टी नाही, नागा पोट्टी हाय असं म्हनले. पानीबी त्यायनंच सोडलं. मंग जिचं लगन लागलं तिले धरा. मले कायले धरता?"

दसरूने तंबाखू मळली, झटकली, गालात ठेवली. मला वाटलं आता हा मारतो.

"मंग ते नागा पोट्टी कुठी हाय?" त्याने विचारलं.

"मेली," मी म्हणाले. कुठून आलं कोण जाणे. "तवाच मेली. तिचे कपडे हायेत होस्टेलात. नवऱ्याचेबी हायेत."

दसरू माझ्याकडे बघत राहिला. म्हातारा मूर्ख आहे असं मला वाटत आलं होतं, पण पुरता नव्हता. त्याच्या डोळ्यात काहीतरी हललं. "मेली त माती द्या लागन," तो सावकाश म्हणाला. "बेवारस ठेवता येत नाही. आता तिचं इथं कोन हाय? ज्यानं आनली तोच तिचा बाप. त्या मास्तरले बोलवा."

मास्तर कसला येतो! पहिला निरोप गेला तेव्हा सर म्हणाले, असल्या अंधश्रद्धेला मी थारा देत नाही. मग पंचांनी दुसरा निरोप भैयाजींना धाडला, की सर येईपर्यंत आमच्या बाजूच्या गावांतलं धान तुमच्या मिलवर येणार नाही. ऐन हंगाम होता. भैयाजींची संस्कृती अशी धान्याच्या पोत्यावर बसलेली. म्हणाले म्हणे, "हरकरे जी, जाइए, जो बोलें कर आइए।" आणि दुसऱ्या दिवशी जीप गावात.

सर गॉगल लावून आणि गळ्यात कॅमेरा अडकवून उतरले. सोबत दोन गाठोडी होती, लाल कांबळीत बांधलेली पिसं. पंचांनी त्यांना खाटेवर बसवलं, पाणी दिलं. दसरूने एकच प्रश्न विचारला. "मास्तर, खरं सांगजा. ते पोट्टी नागा होती, का या लहानूची?"

सरांनी गॉगल काढला. लहानूची म्हणावं, तर भावा-बहिणीचं लग्न स्वतःच्या हाताने लावणारा हाच, आणि पंच समोर बसलेले, बाया घोळका करून उभ्या. शिवाय पाहुण्यांसमोर माइकवर केलेलं ते सगळं भाषण खोटं. मी समोरच उभी होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मीही बघितलं.

"नागा होती," सर म्हणाले.

"अरेरे," दसरू म्हणाला, "मंग दुखाचा दिवस हाय तुमचा."

शेजारच्या गावचा न्हावी बोलावूनच ठेवला होता. सर आधी हसले, मग इंग्रजीत काहीतरी बोलले, मग जीपकडे बघू लागले, पण ड्रायव्हर आमच्याच बाजूचा होता, तो चिलीम ओढत लांब बसला होता. बाजूने आयाबायांनी रडायला सुरुवात केली. आमच्या बाया रडायला लागल्या की खरं-खोटं राहत नाही. माझी मायही रडत होती, आणि ती खरंच रडत होती. त्या आवाजात सर हळूच खाली बसले आणि वस्तऱ्याने ती वर वळवलेली टोकं एकेक करून उतरली. मिशीखाली एक छोटा, बारीक, घाबरलेला ओठ निघाला. कोणाला माहीतच नव्हतं की त्यांना असा ओठ आहे.

मग त्यांनी नवरीचं गाठोडं उचललं, नवऱ्याचं बिरजूच्या काकाने, आणि सगळे शिवेपर्यंत चालत गेले. बापाने मांदरी घेतली आणि मयताला वाजवतात तशी संथ वाजवली. हो, त्या महोत्सवाच्या लोकांना शेवटी आमची मांदरी ऐकावीच लागली. खड्डा खणला, गाठोडी ठेवली, सरांनी पहिली माती टाकली. परत येताना त्यांना तलावात बुडी मारायला लावली. पौषातलं पाणी! सर काठावर कुडकुडत बसले होते आणि माय त्यांना भात वाढत होती. मला आनंद झाला. लपवून काय करू, भरपूर झाला. जाताना दसरू त्यांना म्हणाला, "मास्तर, तेरवीले यायचं बरं. तेरवी झाल्याशिवाय सुतक फिटत नाही." सर मान हलवून गेले. आले मात्र नाहीत.

मी होस्टेलात परत गेले. माझी जागा काढायची कोणाची छाती झाली नाही. सर दोन महिने तोंडावर रुमाल धरून शिकवत होते, दाढ दुखते म्हणून. आणि पुढच्या वर्षी ऐका, महोत्सवात नवा कार्यक्रम आला, नागा अंत्यसंस्कार, संशोधन आणि दिग्दर्शन प्रा. हरकरे. अशा माणसाला काय बोलायचं?

बिरजू दर भाऊबीजेला येतो. त्याचीही मिशी पांढरी झाली. पण माझा बाप त्यानंतर कुठल्याच मांडवात शिरला नाही. नागपूरला आम्हाला नर्सची टोपी घालायचा समारंभ होता, मी त्याला मुद्दाम बोलावलं. आत खुर्ची ठेवली होती. तो बाहेर हापशीजवळ उभा राहिला, पूर्ण वेळ. आत टाळ्या वाजल्या की त्याची मान खाली जायची. मी टोपी घालून बाहेर त्याच्याकडे गेले, तेव्हा त्याने आधी इकडेतिकडे बघून घेतलं, कोणी बघत नाही ना, आणि मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. आज तो नाही. त्याच्याकडून हे जे काढून घेतलं त्याची भरपाई कुठल्या सत्काराने होत नाही.

तर फोनवरच्या त्या मुलाला मी म्हटलं, "बाळा, तुझी पहिली नागा वधू मेली. स्टेजवरून उतरताच मेली. हरकरे सरांनी स्वतः माती दिली तिला."

तो गडबडला. म्हणाला, "मॅडम, सर गेल्या पावसाळ्यात वारले. महोत्सवात त्यांच्या पुतळ्याचं अनावरणही आहे. आपल्या हस्ते करावं असं समितीचं..."

"पुतळ्याला मिशी आहे का रे?"

"आहे ना मॅडम! एकदम भरघोस."

"मग आधी ती काढून घ्या," मी म्हटलं. "पोरीची तेरवी राहिली आहे अजून."